दारू सोडायची आहे, जवळपासचा मदतगट कसा शोधावा?

अक्षरवेडा

नमस्कार. बरेच दिवस इथे वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय.

मी रोज संध्याकाळी पितो. नोकरी चालू आहे, घर चालू आहे, त्यामुळे बाहेरच्याला काही दिसत नाही. मला मात्र दिसतंय. दुपारी चारनंतर डोक्यात दुसरा विषय राहत नाही. बाटलीत किती उरलीय, दुकान बंद व्हायच्या आत पोचेन का, बायको यायच्या आधी पहिला पेग होईल का, हाच हिशेब चालतो. सकाळी हात थोडे थरथरतात, मग थांबतात. मनाशी ठरवून बंद करतो, काही आठवडे निभतं, मग "आता आपल्या ताब्यात आहे" असं वाटायला लागतं आणि गाडी पुन्हा तिथेच येते.

डॉक्टर म्हणाले, औषधाच्या जोडीला एखाद्या मदतगटात जायला लागा. पण तो शोधायचा कसा? नेटवर शोधलं की सगळ्या भरती करून घेणाऱ्या केंद्रांच्या जाहिराती येतात. मला आठवड्यातून दोन-तीनदा जाऊन बसता येईल अशी जागा हवी आहे. गट खरा आहे की कुणाचा धंदा, हे कसं ओळखायचं? तिथे ओळखीचं कुणी भेटलं तर? मी देव मानत नाही, तरी चालेल का? आणि पहिल्या दिवशी नक्की काय करायला लावतात? कुणाला अनुभव असेल तर कृपया लिहा.

रानवारा

अक्षरवेडा, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचा, म्हणजे ए.ए.चा जुना सभासद. बरीच वर्षं थेंब घेतलेला नाही. नावगाव सांगणार नाही, ती आमची रीत आहे. बाकी विचाराल ते सांगेन.

"व्यसनमुक्ती" असं टाकून शोधलंत की केंद्रंच वर येणार, कारण जाहिरातीवर पैसे तेच घालतात. गट जाहिरात करत नाहीत. त्यापेक्षा थेट ए.ए.च्या अधिकृत संकेतस्थळावर जा. तिथे देशांनुसार कार्यालयांचे पत्ते असतात आणि त्यावरून आपल्या भागातल्या इंटरग्रुपचा फोन मिळतो. इंटरग्रुप म्हणजे आसपासच्या गटांनी मिळून चालवलेलं लहानसं ऑफिस. फोन उचलणारा बहुतेक वेळा स्वतः दारू सोडलेला माणूस असतो. काय बोलावं सुचलं नाही तर "मला मीटिंगची माहिती हवी आहे" एवढं वाक्य पुरतं. पुढचं तो विचारून घेतो.

त्याला दिवस, वेळ आणि भाषा विचारा, मीटिंग ओपन आहे की क्लोज्ड ते विचारा, आणि ती अजून त्याच जागी भरते ना हे नक्की विचारा. याद्या जुन्या होतात, जागा बदलतात. मोठ्या धीरानं घराबाहेर पडलेला माणूस कुलपासमोर उभा राहिला की पुन्हा लवकर फिरकत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. "दारात कुणी भेटेल का?" असंही विचारा. नव्या माणसाला दारात घ्यायला उभं राहणं हे आमच्याकडे हौसेनं करतात.

ओपन मीटिंगला कुणीही येऊ शकतं, बायको, भाऊ, मित्र, शिकणारी मुलं. क्लोज्ड फक्त ज्यांना स्वतःची दारू थांबवायची आहे त्यांच्यासाठी. तुम्हाला दोन्ही खुल्या. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. ही आमच्या बारा परंपरांतली, म्हणजे गट कसा चालवायचा याच्या नियमांतली, तिसरी. अर्ज नाही, फी नाही, हजेरीपट नाही.

धंद्याचं म्हणाल तर सातवी परंपरा सांगते की गट सभासदांच्या वर्गणीवरच चालवायचा, बाहेरच्या देणग्या घ्यायच्या नाहीत. मीटिंगमध्ये एक पिशवी फिरते. ज्याला टाकायचे तो टाकतो, नवीन माणसाकडून अपेक्षाही नसते. प्रवेश फी, पॅकेज, "खात्रीशीर मुक्ती" असे शब्द कानावर आले तर तो मदतगट नाही, हे समजून उठा.

पहिल्या दिवशीचं सविस्तर रात्री लिहितो.

चिंतामणी

सरकारी किंवा मोठ्या रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवक असतात, त्यांना विचारा. कुठला गट खरोखर चालू आहे हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, कारण पेशंट तिथे जाऊन येतात आणि यांना सांगतात. मला माझा गट असाच मिळाला.

स्टेथो

मी डॉक्टर आहे. गटाचं बाकीचे सांगतीलच. मला त्या सकाळच्या थरथरीबद्दल बोलायचंय. ती तुमच्या डॉक्टरांना सांगितलीत का? नसेल तर उद्याच सांगा, आणि तोवर दारू एका झटक्यात बंद करू नका.

रोज, बरीच वर्षं पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला सरावलेला असतो. ती अचानक काढून घेतली की तो उलट्या बाजूला उसळतो. शेवटच्या पेगनंतर साधारण ६ ते १२ तासांत हात थरथरणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दोन-तीन दिवसांनी काहींना भ्रम होतात. नसलेली माणसं दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो, रक्तदाब वाढतो. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार नसेल तर यात माणूस दगावू शकतो. पूर्वी बंद केल्यावर कधी फिट आली असेल तर धोका आणखी जास्त.

हे सगळं टाळता येतं. काही दिवस ठराविक गोळ्या देऊन त्या हळूहळू कमी करतात, बी-१ म्हणजे थायमिन देतात, लक्ष ठेवतात. अनेकांना हे घरी राहूनही जमतं, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं. मीटिंगला आजच जा. पिणं पूर्ण थांबलेलं नसलं तरी जाता येतं. बाटली कशी आणि कधी बंद करायची ते मात्र डॉक्टरांना विचारून.

अक्षरवेडा

स्टेथो, थरथर सांगितली नव्हती. लाज वाटली. उद्याची वेळ घेतली आहे.

रानवारा

स्टेथोंनी लिहिलंय ते कागदावर उतरवून ठेवा, दादा. गटातला कुणी जुना माणूस "गोळ्याबिळ्या कशाला, इच्छाशक्ती ठेव" म्हणाला तर त्याचं ऐकू नका. ए.ए.च्या स्वतःच्या पुस्तिकेतच लिहिलंय की सभासदानं डॉक्टरकी करू नये. झोपेच्या, नैराश्याच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून सोडून द्यायच्या नाहीत.

आता पहिला दिवस. दहा मिनिटं आधी जा. बऱ्याचदा शाळेचा वर्ग असतो, एखाद्या संस्थेची खोली असते, प्रार्थनास्थळाच्या मागचा हॉल असतो. प्रार्थनास्थळ दिसलं म्हणून बिचकू नका, ती फक्त भाड्यानं घेतलेली जागा आहे. भिंतीवर दोन तक्ते दिसतील, बारा पायऱ्या, म्हणजे सभासदानं स्वतः टप्प्याटप्प्यानं करायच्या गोष्टी, आणि बारा परंपरा. एक माणूस टेबलाशी बसून मीटिंग चालवतो. सुरुवातीला प्रस्तावना वाचतात, मग एकेक जण बोलतो. "माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक" म्हणून सुरुवात करायची आणि आपलं सांगायचं, याला आम्ही शेअरिंग म्हणतो. मध्ये कुणी बोलत नाही. सल्ला देत नाही, उलटतपासणी घेत नाही. तुमच्याकडे पाळी आली तर "आज फक्त ऐकायला आलोय" म्हणा. पुढच्याकडे जातात. स्वतःला अल्कोहोलिक म्हणवून घ्यायचीही सक्ती नाही. तास-दीड तासात मीटिंग संपते.

पण संपली की लगेच निघू नका. तासभर जे कानावर पडतं ते उपयोगी असतंच, पण गट खरा मिळतो तो नंतरच्या दहा मिनिटांत, खुर्च्या उचलताना. तिथे कुणीतरी "आज पहिल्यांदा का?" म्हणून विचारतं, नंबर देतं. तो नंबर घ्या. संध्याकाळी चारला डोक्यात हिशेब सुरू झाला की त्याच माणसाला फोन करायचा आहे. नुसतं मीटिंगला येऊन पाठीमागच्या खुर्चीवरून परस्पर निघून जाणारे मी बरेच पाहिले. त्यांतले फार थोडे टिकले.

तर्कनिष्ठ

देवाबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. मी पक्का नास्तिक. ए.ए.च्या बारा पायऱ्यांत देवाचा उल्लेख वारंवार येतो, हे खरंच आहे, लपवण्यात अर्थ नाही. "आपल्याला जसा उमगेल तसा" अशी सवलत आहे, आणि पायऱ्यांत जी "आपल्याहून मोठी शक्ती" म्हटली आहे ती कित्येक जण गटालाच मानून पुढे जातात. मला ते जमलं नाही. मी स्मार्ट रिकव्हरीत गेलो.

ही संस्था १९९४ साली सुरू झाली. पाया विचार-वर्तन उपचारपद्धतीचा. चार गोष्टींवर काम करतात: सोडायची इच्छा टिकवणं, तलफ आली की ती झेलणं, डोक्यातले विचार आणि भावना हाताळणं, आणि आयुष्य पुन्हा तोलावर आणणं. मीटिंग प्रशिक्षण घेतलेला माणूस चालवतो, इथे एकमेकांना प्रश्न विचारता येतात. "मी अल्कोहोलिक" असं म्हणावं लागत नाही. मला सगळ्यात उपयोगी पडला तो एक साधा तक्ता. पिण्याचा फायदा काय, तोटा काय. न पिण्याचा फायदा काय, तोटा काय. चार रकाने. "पिण्याचा फायदा" हा रकाना प्रामाणिकपणे भरायला लावतात. मी लिहिलं, "घरी बोलावं लागत नाही". मग पुढच्या कित्येक मीटिंगा त्या एका ओळीवरच गेल्या.

अडचण एवढीच की प्रत्यक्ष भेटीचे गट ए.ए.च्या मानानं फारच कमी. पण ऑनलाइन मीटिंगा भरपूर आहेत.

रानवारा

तर्कनिष्ठ, तुमचा मार्ग तुम्हाला लागू पडला याचा मनापासून आनंद आहे. एक भर घालतो. आमच्याकडेही नास्तिक खूप आहेत आणि ठिकठिकाणी नास्तिक-अज्ञेयवाद्यांचे वेगळे ए.ए. गटही चालतात. फोनवर तसं विचारता येतं.

ओंजळ

पण या सगळ्याचा खरंच उपयोग होतो, याला काही पुरावा? माझा भाऊ म्हणतो, "बेवडे जमून रडतात, त्यानं काय होणार." त्याला काय सांगू?

स्टेथो

त्याला २०२० सालचा कॉक्रेन आढावा सांगा. एखाद्या उपचारावरचे अभ्यास एकत्र तपासून काढलेला निष्कर्ष म्हणजे असा आढावा. २७ अभ्यास, त्यात १०,५६५ माणसं. ए.ए. आणि लोकांना ए.ए.शी जोडून देणारे बारा पायऱ्यांचे उपचार यांची तुलना इतर मान्य उपचारांशी केली होती. वर्षभरानंतर दारू पूर्ण बंद असण्याचं प्रमाण ए.ए.च्या बाजूला सुमारे ४२ टक्के, दुसऱ्या बाजूला सुमारे ३५ टक्के. फक्त प्रमाण कमी करण्याचं बघितलं तर दोन्ही साधारण सारखेच.

म्हणजे जादू नाही आणि रडगाणंही नाही. निम्म्याहून जास्त लोक पहिल्या वर्षात कधी ना कधी पितात, हेही याच आकड्यात दडलंय. म्हणून मी पेशंटला गट आणि औषध दोन्ही सुचवतो. नॅलट्रेक्सोननं पिण्याची ओढ कमी होते, अ‍ॅकॅम्प्रोसेट बंद ठेवायला मदत करतं. कुणाला काय चालेल ते यकृत आणि मूत्रपिंड तपासून ठरतं.

ओवी

मी पिणाऱ्याची बायको. अक्षरवेडा, तुमच्या धाग्यात तुमच्या पत्नीसाठीही जागा करून घेते.

घरच्यांचा वेगळा गट असतो, अल-अनॉन. ए.ए.चे सहसंस्थापक बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली तो सुरू केला. घरात मुलं मोठी असतील तर त्यांच्यासाठी अलाटीन आहे. नवरा कुठल्याही गटात जात नसला, पीत असला, तरी आपण जाऊ शकतो. हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, आधी त्यानं सुधारायचं, मग माझी पाळी.

तिथे पहिल्याच दिवशी ऐकलं, हे आपण लावलेलं नाही, आपल्याला ते आवरता येणार नाही आणि बरंही करता येणार नाही. बाटल्या मोजणं, खिसे तपासणं, ऑफिसात "ताप आलाय" असा फोन करणं, हे सगळं मी करत होते. तिथल्या एका मावशींनी विचारलं, "तू शेवटचं स्वतःसाठी काय केलंस?" मला उत्तर देता आलं नाही.

आणि कृपा करून एक ऐका. जेवणात गुपचूप मिसळून द्यायच्या पावडरी, थेंब, "त्याला कळणारही नाही" अशी औषधं वापरू नका. स्टेथो, यावर तुम्ही लिहा ना.

स्टेथो

ओवीताई, बरं झालं तुम्ही विषय काढलात. डायसल्फिराम नावाची गोळी आहे. ती घेतलेल्या माणसानं दारू प्यायली की चेहरा लाल होतो, ओकाऱ्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हृदयाचा आजार असेल तर जीवावर बेतू शकतं. ज्यानं पूर्ण माहिती घेऊन, स्वतःच्या मर्जीनं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घ्यायची ठरवली त्याच्यासाठी ती गोळी आहे. नकळत देणं धोक्याचंही आणि अन्यायाचंही. गुप्त पावडरींत काय असतं याचा तर पत्ताच नसतो.

अनघा_ल

बायकांनी काय करायचं? मी पिते. घरात कुणाला माहीत नाही. मीटिंगला सगळे पुरुष असतील, या भीतीनं दोनदा दारापर्यंत जाऊन परत आले. बाईनं दारू सोडायला जाणं म्हणजे आधी सगळ्यांसमोर "पिते" असं कबूल करणं, आणि त्यानंतर लोक तिच्याकडे कसं बघतात ते सगळ्यांना माहीत आहे.

मुक्ताई

अनघा, मीही त्याच दारातून परत फिरले होते गं. इंटरग्रुपला फोन करून "बाईशी बोलायचंय" असं म्हण. कुणीतरी महिला सभासद तुला परत फोन करेल, आणि पहिल्या मीटिंगला तुझ्याबरोबर चालत येईल. फक्त महिलांच्या मीटिंगाही असतात. जवळ नसतील तर ऑनलाइन आहेत. १९७५ साली जीन कर्कपॅट्रिक यांनी फक्त बायकांसाठी विमेन फॉर सोब्रायटी सुरू केली, ती आजही चालते. अपराधीपणाचं ओझं बायकांवर आधीच खूप असतं, त्यात भर न घालता स्वतःची किंमत ओळखायला शिकवायचं, हा त्यांचा भर.

दोन गोष्टी सांभाळ. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांमधून हाताला धरून नेणारी जुनी व्यक्ती, ही बाईच निवड. आणि मीटिंगनंतर "घरी सोडतो", "वेगळं भेटून बोलू" असं करणाऱ्या पुरुषाला स्पष्ट नाही म्हण. नव्यानं आलेल्या, मोडून पडलेल्या माणसाचा फायदा घेणारे कुठेही असतात, इथेही असतात. असं काही घडलं तर गटातल्या जुन्या बाईला लगेच सांग. गटानं कानाडोळा केला तर तो गट सोड. दारू सोडणं सोडू नकोस.

अनघा_ल

ताई, व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

अक्षरवेडा

मंडळी, जाऊन आलो. डॉक्टरांकडेही गेलो, गोळ्या सुरू झाल्या आहेत, पत्नीला सगळं सांगितलं, ती लक्ष ठेवून आहे.

मीटिंगबद्दल खरं सांगू? निराश झालो. सात-आठ जण होते, सगळे माझ्या वडिलांच्या वयाचे. एक काका अर्धा तास बोलले, गटारात पडलो, घर विकलं, तुरुंगात गेलो. मी असं काहीच केलेलं नाही. मनात आलं, आपण यांच्यातले नाही, आपलं एवढं वाढलेलं नाही. परत येताना तेच डोक्यात होतं, आणि ते डोक्यात असताना दुकानासमोरून जाणं फार अवघड गेलं. गेलो नाही आत. पण पुढच्या वेळी जावंसं वाटत नाहीये.

चिंतामणी

दुकानासमोरून आत न जाता घरी आलात. मला वाटतं, मीटिंगचा तेवढा उपयोग झालाच.

रानवारा

अक्षरवेडा, बरं केलंत मोकळेपणानं लिहिलंत. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय, कारण बहुतेक लोक नेमके इथेच गळतात.

एका मीटिंगवरून ए.ए.बद्दल मत बनवू नका. प्रत्येक गट स्वतंत्र असतो, त्याचा स्वभाव वेगळा असतो. कुठे तरुण जास्त, कुठे पुस्तकवाचनावर भर, कुठे नुसतं शेअरिंग, कुठे हसणंखिदळणं. आणि एकाच गटाची मंगळवारची मीटिंग वेगळी, रविवारची वेगळी. पाच-सहा वेगवेगळ्या मीटिंगांना जा, मग ठरवा. ज्या खोलीत तुम्हाला खोटं बोलावंसं वाटत नाही, तो तुमचा गट. त्याला आम्ही होमग्रुप म्हणतो. तिथे नेमानं जायचं, खुर्च्या मांडायचं किंवा वह्या लावायचं काम अंगावर घ्यायचं. काम घेतलं की आपली वाट बघणारं कुणीतरी असतं.

आता त्या काकांचं. त्यांचं घर गेलं, तुमचं गेलेलं नाही. पण दुपारी चारपासून चालणारा तो हिशेब तुम्ही पहिल्याच पोस्टीत लिहिलात, तो त्यांनाही तोंडपाठ असेल. पुढच्या वेळी त्यांना एकच विचारा, "काका, घर विकायच्या दहा वर्षं आधी तुमचं कसं होतं?" उत्तर नीट ऐका.

आणि अर्धा तास बोलणं हे मीटिंग चालवणाऱ्याचं दुर्लक्ष. चांगल्या गटात पाच-सात मिनिटांवर थांबवतात.

गट बरा नाही हे ओळखायच्या खुणाही सांगतो. नवीन माणसाकडे कुणी ढुंकून बघत नाही. एकच माणूस वर्षानुवर्षं खुर्ची अडवून बसलाय. औषधं बंद करा म्हणून सांगतात. कुणी काय शेअर केलं याची बाहेर चर्चा होते. यातलं काही दिसलं तर दुसरीकडे चला.

ओळखीचं कुणी भेटलं तर, हा तुमचा प्रश्न राहिला होता. भेटलं तर तेही तुमच्यासारखेच तिथे आलेले असतील. मीटिंगमध्ये कोण दिसलं आणि काय ऐकलं ते तिथेच ठेवायचं, हा आमचा सगळ्यात जुना नेम. तरी भीती असेल तर सुरुवातीला दोन वस्त्या सोडून लांबच्या मीटिंगला जा. खूप जण तसंच करतात.

दूरदेशी

माझ्यापासून सगळ्यात जवळचा गट चार तासांवर आहे. माझ्यासारख्यांनी काय करायचं?

रानवारा

ऑनलाइन. फोन किंवा संगणकावरून दिवसरात्र कुठल्या ना कुठल्या देशात ए.ए.ची मीटिंग चालू असते. कॅमेरा बंद ठेवून, नुसतं पहिलं नाव लावून ऐकता येतं. पण इथेही तोच नेम पाळा, मीटिंग संपल्यावर थांबा आणि एक-दोन नंबर घ्या. ठरलेल्या वेळी ठरलेल्याच मीटिंगला जा, म्हणजे चेहरे ओळखीचे होतील. चार तासांवरच्या त्या गटालाही एकदा प्रत्यक्ष भेटून या. महिन्यातून एकदा जमलं तरी चालेल.

आणि गट सुरू करायला दोन माणसं पुरतात, हे लक्षात असू द्या. १९३५च्या मे महिन्यात बिल विल्सन अ‍ॅक्रन नावाच्या परक्या शहरात अडकले होते. धंद्याचा सौदा फिसकटलेला, दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले, हॉटेलच्या एका बाजूला बारचा गजबजाट आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यांनी चर्चच्या यादीवरून फोन लावायला सुरुवात केली. त्यांना उपदेशक नको होता, बोलायला आपल्यासारखाच कुणी दारुडा हवा होता. त्यातून गाठ पडली डॉ. बॉब स्मिथ यांच्याशी. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले होते आणि काही तास बसले. त्यांनी १० जून १९३५ला शेवटचं घेतलं, तो दिवस ए.ए.चा स्थापनादिन मानतात. तेव्हा गट नव्हता, पुस्तक नव्हतं, पायऱ्याही लिहिलेल्या नव्हत्या.

तुमच्या भागातल्या डॉक्टरांना सांगून ठेवा की दारू सोडू पाहणाऱ्याशी बोलायला तुम्ही तयार आहात. कार्यालयाला कळवलंत तर ते साहित्य पाठवतील, जुने सभासद येऊन बसवून देतील.

केवडा३

इथे विचारलं तर चालेल ना? मी पाच महिने सोबर होतो, गटात जात होतो. काल लग्नात घेतली. आज सकाळपासून अंथरुणातून उठावंसं वाटत नाही. गटात कुठल्या तोंडानं जाऊ? सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या माझ्यासाठी.

मुक्ताई

अरे, चालेल काय विचारतोस! स्लिप झाली म्हणजे पाच महिने वाया गेले असं नाही. त्या दिवसांत जे शिकलास ते तुझ्याकडेच आहे. गटात अशी पाळी कित्येकांवर येऊन गेलेली असते. आज तू गेलास तर कुणी रागावणार नाही, उलट सुटका झाल्यासारखं वाटेल त्यांना, कारण न येणाऱ्यांची काळजी जास्त असते.

स्टेथो

केवडा३, काल किती घेतलीत आणि आज सकाळी पुन्हा घेतलीत का? एका रात्रीपुरतं असेल तर पाणी, जेवण, झोप. पण पूर्वी रोज पीत असाल आणि आता काही दिवस सलग झालं असेल, हात थरथरत असतील, घाम फुटत असेल, तर आधी डॉक्टर. मरून जावंसं वाटत असेल तर एकटे राहू नका, घरातल्या कुणाला तरी आत्ता सांगा आणि जवळच्या रुग्णालयात जा.

केवडा३

एकाच रात्रीचं आहे. सकाळपासून घेतलेली नाही. तसले विचार नाहीत, नुसती शरम आहे.

रानवारा

मग ऐका. स्पॉन्सरला फोन लावा. "काल घेतली" एवढं बोला, बाकी ते बोलतील. त्यांनी उचलला नाही तर यादीतला दुसरा नंबर, मग तिसरा. आमच्यात एक पडताळा करतात: भुकेला आहे का, रागात आहे का, एकटा पडलाय का, थकलाय का. आत्ता तुमचं काहीच खाणं झालेलं नसणार, आधी पोटात काहीतरी घाला. मग आज संध्याकाळची कुठली मीटिंग आहे ती बघा. आपल्या गटाची नसेल तर दुसऱ्या गटाची. हात वर करून सांगा की काल घेतली, आणि लग्नात ग्लास हातात यायच्या आधीचा तासभर काय चाललं होतं तेही सांगा. कुणाशी बोलत होतात, कुणी आग्रह केला, फोन का केला नाहीत. पुढच्या लग्नाला स्पॉन्सरशी बोलून जायचं, स्वतःच्या गाडीनं जायचं आणि जेवण झालं की निघायचं, ते नंतर एकत्र बसून ठरवू.

अक्षरवेडा

केवडा३, मी नवीनच आहे, मला सल्ला देता येणार नाही. पण आज साडेसातची ऑनलाइन मीटिंग आहे, मी असणार आहे. दुवा व्यनित पाठवतो. कॅमेरा बंद ठेवला तरी चालतो.